भिंतीपल्याड गेलेले सोंडे

"वहिनी, तुमचे सोंडे आमच्या घरात शिरायलेत. परत बोलवा!"

धुळाजीकाका भिंतीवरनं वरडला तेव्हा आई अंगणात ज्वारी उन्हाला घालत होती. सकाळी कोठीचं झाकण काढलं तर ज्वारी आपोआप हलत होती, इतके किडे. दाणा वरून साबूत, आत पीठ. ऊन लागल्याबरोबर सगळे सोंडे सावलीकडं निघाले, अन् सावली होती ती काकाच्या भिंतीची.

"नावं घेऊन बोलवू का भावजी?" आई म्हणाली. हातातला झाडू ती ठेवायची अन् लगेच उचलायची.

दुपारी कडा गावाहून पाव्हणे येणार होते, माझ्या थोरल्या भावाला, सोमेश्वरला बघायला. पोरीवाले आजकाल नोकरी विचारतात, अन् सोमेश्वरकडं तेवढं सोडून सगळं होतं. पण या पोरीची आत्या केशरबाई जुन्या वळणाची. कुणाच्याही घरी गेली की सरळ धान्यात हात घालायची. दाणा चांगला तर घर चांगलं.

चाळायला वेळ नव्हता. आईनं भांडण अर्धवट सोडलं अन् त्याच भिंतीवरनं काकाकडंच ज्वारी मागितली.

"भावकीची इज्जत हाय, न्हाई कसं म्हनू?" काका छाती काढून म्हणाला. त्याची ज्वारी राख अन् कडुलिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलेली. आमची आम्ही कोठीत भरली, वर त्याच्या दोन पाट्या ओतल्या.

पाव्हण्यांचे पोहे झाले. केशरबाई उठली, बांगड्या मागं सारल्या अन् कोठीत हात घातला. मनगटापर्यंत सगळं ठीक होतं. ती कोपरापर्यंत गेली. आईनं माझा दंड असा आवळला की माझी बोटं गार पडली.

हात वर आला तेव्हा हिरव्या बांगडीवरनं एक सोंडा चालला होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

"वरची ज्वारी दगडी जातीची, खालची मालदांडी," केशरबाई दाणे निरखत म्हणाली. "वरची कुनाची ओ?"

आई पोह्याच्या बशा गोळा करायला लागली.

"माझी!" भिंतीवरनं काका.

"तुमाला लग्नाचं पोरगं हाय का?"

"हाय की. रविराज!"

दुसऱ्यांदा पोहे पाव्हण्यांनी तिकडं खाल्ले.

पौषात असलं काही ठरवत नाहीत, म्हणून बोलणी माघावर गेली. तोवर सोमेश्वरला एकच काम. दिवसभर ज्वारी चाळायचा, पाला घालायचा, परत चाळायचा.

माघात केशरबाई काकाकडं बोलणीला यायच्या आदल्या दिवशी भिंतीवर काकाचं तोंड दिसलं, पार उतरलेलं.

"वहिनी, जरा येता का?"

आम्ही गेलो. काकाची कणगी आपोआप हलत होती. आईनं वाकून बघितलं.

"आमचेच हायेत," ती म्हणाली. "चालन्यावरनं वळखले. परत बोलवू का?"

"थट्टा कावून करता? दोन पाट्या चांगली ज्वारी द्या. भावकीची इज्जत हाय."

पाट्या सोमेश्वरनंच भरल्या. स्वतःच्या हातानं आमची मालदांडी त्याच्या दगडीवर ओतली, वरनं हात फिरवून सारखी केली.

दुसऱ्या दिवशी केशरबाई यायच्या वेळेला तो आंघोळ करून, भांग पाडून, आमच्या बाजूनं भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, त्या दिवशी काका पलीकडं उभा होता तसाच.