फळ्यावरचा हजारावा दिवस

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण शाळेतला नव्हे हं. मला पाढे येत नाहीत आणि माझ्यासमोर कुणी कधी अंगठे धरून उभं राहिलेलं नाही. मी जावा बेटावरच्या वातुलावांग गावाच्या मंडपातला फळा. येत्या आठवड्यात गावात काय काय आहे, ते माझ्या अंगावर लिहितात. सोमवारी बाळांची वजनं. बुधवारी बायकांची भिशी. शुक्रवारी पाटाची साफसफाई, ज्याने त्याने आपली कुदळ आणावी. रविवारी वाद्यांची तालीम. इतकी वर्षं हे वाचून दाखवतोय, त्यामुळे मी स्वतःला गावातला एक मोठा माणूसच समजत आलो. थोडा गर्व होता, कबूल करतो.

आमचा मंडप दोनशे वर्षांचा आहे असं सगळे सांगतात. एकदा त्याचं छप्पर दुरुस्त केलं, तेव्हा सागाच्या तीन फळ्या उरल्या. कुणीतरी म्हणालं, लग्नाच्या स्वयंपाकाला सरपण झालं. तेवढ्यात गावचा सुतार कर्सो पुढे आला.

"सागवान चुलीत घालता? मग मलाही घाला!" असं म्हणून त्यानं त्या फळ्या डोक्यावर घेतल्या नि घरी नेल्या. त्यानं रंधा मारला, सांधे जुळवले. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या बायकोनं, पोनिराहनं, भाताची खळ शिजवली, तिच्यात कोळशाची पूड कालवली आणि दोघांनी मिळून मला काळं केलं. पुढे त्यांना मूलबाळ झालं नाही. मला आपलं उगीच वाटतं, की त्यांचं थोरलं लेकरू मीच.

त्यांचं घर मंडपासमोरच, मधे फक्त अंगण. त्यामुळे मी लटकलो तेव्हापासून त्यांचा संसार माझ्या डोळ्यांसमोर झाला. दरवर्षी भाताची कापणी आटोपली की कर्सो यायचा, मला खाली उतरवायचा, नवा काळा हात द्यायचा आणि म्हणायचा, "चल, झालास परत नवरदेव."

ते माझे सुखाचे दिवस होते. मग हातोहाती फोन आले आणि गावाचा एक गट झाला. लग्न कुणाचं, बारसं कुणाचं, सगळं फोनवर कळायला लागलं. माझ्याकडे कुणी बघेना. माझ्यावर खतांच्या जाहिराती डकवल्या, मला टेकून सायकली लावल्या. एका कोंबडीनं तर माझ्या मागे अंडी घातली, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत तेवढीच एक मला विचारत होती. कर्सोचे हात थरथरायला लागले होते, तरी तो काठी टेकत येऊन जाहिराती नखानं खरवडायचा.

मग तो गेला. एका मंगळवारी तिन्हीसांजेला. मशिदीत बांग होऊन गेली होती, पोनिराहनं पडवीतला दिवा लावला होता, आणि दिवा लावून ती आत गेली ती ओरडतच बाहेर आली. मी समोरच होतो. मी सगळं पाहिलं.

पुढे शहरात शिकलेली रेत्नो गावची चिटणीस होऊन आली. हुशार, चटपटीत पोरगी. पहिल्याच आठवड्यात तिनं नारळाच्या ओल्या काथ्यानं मला घासून काढलं आणि रंगीत खडूनं आठवड्याचे कार्यक्रम लिहिले. वर माझा फोटो काढून गावाच्या गटावर टाकला. मी फोनमध्ये गेलो, मित्रांनो! आता दर सोमवारी माझा फोटो घरोघरी पोहोचायला लागला. मला पुन्हा चढली.

यंदा कापणीनंतरचा ग्रामशुद्धीचा सण जवळ आला होता. मंगळवारी सण. त्यासाठी पडद्याआड चामड्याच्या बाहुल्या नाचवणारे बुजुर्ग वासितो दुरून यायचे होते; 'की' हा आमच्याकडचा मानाचा शब्द, म्हणून सगळे त्यांना 'की वासितो' म्हणतात. गावच्या वादकांबरोबर तालीम करायला त्यांच्याकडे एकच संध्याकाळ मोकळी होती, रविवारची. ते रेत्नोनं लाल खडूनं लिहिलं. मग ती पोनिराहकडे गेली.

"म्बाह, आजोबांचा हजारावा दिवस याच आठवड्यात येतो ना?" गावातली सगळी लहानथोर तिला म्बाह म्हणतात, म्हणजे आजी. "मी बघते आणि फळ्यावर लिहिते."

"लिही गं बाई. मला कुठे वाचता येतंय! फक्त त्याचं नाव मोठं काढ."

हजारावा दिवस म्हणजे आमच्याकडे शेवटचा निरोप. तोवर गेलेलं माणूस घराभोवती घोटाळत असतं असं मानतात. त्या दिवशी गाव जमतं, प्रार्थना होते, जेवण होतं, आणि मग ते माणूस खऱ्या अर्थानं निघतं. दुसरी गोष्ट, आमचा दिवस मावळतीला बदलतो. शनिवारी सूर्य बुडाला की रविवार लागला. म्हणून रविवारचा विधी शनिवारी संध्याकाळी करतात. हे रेत्नोलाही ठाऊक होतं. पण तिनं दफ्तरातला मृत्यूचा दाखला पाहिला. दाखला लिहिणाऱ्यानं घड्याळ पाहून मंगळवार लिहिला होता. कर्सो तर मावळतीनंतर गेला, म्हणजे बुधवारात गेला! तिनं मंगळवारपासून मोजलं, हजारावा दिवस रविवार आला, आणि तिनं माझ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं: शनिवारी संध्याकाळी, कर्सो आजोबांचा हजारावा दिवस.

एक दिवस आधी. माझा जीव तीळतीळ तुटला. चूक माझ्या अंगावर आणि ती कळणारा मी एकटा. पण फळ्याला आपणहून बोलता कुठे येतं? फोटो काढला गेला आणि चूक घरोघरी पोहोचली.

शनिवारी सकाळी बायका सुऱ्या, खवण्या आणि केळीच्या पानांचे भारे घेऊन समोरच्या अंगणात हजर. कुणाकडे कार्य असलं की स्वयंपाकाला सगळ्या आळीनं जायचं, ही आमची रीत. पोनिराह अंगण झाडत होती. ती झाडू धरून उभीच राहिली.

"काय गं, एवढ्या सगळ्या? कुठे निघालात?"

"तुमच्याकडेच की!" तुगिराह म्हणाली. ती आमच्या गावचा भोंगा. "म्बाह, तांदूळ भिजवलेत का? आणि कोंबडा कुठाय?"

"कोंबडा? तो काय कुंपणावर."

खरंच, कोंबडा कुंपणावर बसून आरवत होता. सगळ्या जणी हसल्या. पोनिराह हसली नाही.

"अगं, कार्य उद्या संध्याकाळी आहे."

"फळ्यावर आज लिहिलंय, म्बाह. फोनवर पण आलंय. हे बघा."

"मला काय दाखवतेस? मला वाटलं, फळ्यावर बरोबरच असेल, मग कशाला दारोदार सांगत फिरू?"

रेत्नो धावत आली. दिवा लावल्यावर तो गेला, हे पोनिराहनं सांगितलं मात्र, पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. गावप्रमुख हार्तोयोही आले. त्यांच्या डोक्यात सण होता.

"उद्या नाही जमायचं, म्बाह. उद्या तालीम. सगळे पुरुष मंडपात असणार. की वासितोंना दुसरी संध्याकाळ नाही."

"मग आजच उरका ना," तुगिराह म्हणाली. "आम्ही आलोयच. माझ्याकडे दोन कोंबड्या आहेत, त्या आणते. एका दिवसानं असा काय फरक पडतो? आजोबांची काय गाडी चुकणार आहे?"

पोनिराह पायरीवर बसली. तिचा आवाज अगदी हळू होता, पण अंगण गप्प झालं, म्हणून मला ऐकू आला.

"त्याला नसेल पडत फरक. मला पडतो. नऊशे अठ्ठ्याण्णव दिवस रोज त्याच्यासाठी कॉफीचा पेला ठेवलाय मी. अजून एक दिवस तो माझ्याजवळ आहे. तो कशाला काढून घेता गं? माणूस काय रोज रोज मिळतं?"

तुगिराहनं सुरी खाली ठेवली. हार्तोयो टोपी काढून हातात फिरवत राहिले, पण "तालीम आहे हो," एवढंच परत म्हणाले आणि निघून गेले.

मला वाटलं, रेत्नो फडकं घेऊन येईल, शनिवार पुसून रविवार लिहील, फोटो काढेल आणि मोकळी होईल. ती आली. माझ्यावरची ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मग तिनं खडू ठेवला, फोन पिशवीत टाकला आणि चालायला लागली. बांबूच्या बनापर्यंत सगळी घरं तिनं पायी पालथी घातली. संध्याकाळी मंडपाच्या पायरीवर बसून तुगिराहला सांगत होती, तेव्हा मला कळलं, की ती प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाली होती: "चूक माझी आहे. उद्या या."

"आणि काय म्हणाले?" तुगिराहनं विचारलं.

"काही म्हणाले, बघू. काही म्हणाले, तालीम. गावप्रमुख तर दारच उघडेनात."

"उघडतील. त्यांच्या बायकोला मी सांगते," तुगिराह म्हणाली. "त्यांचं दार तिच्याच हातात आहे."

रविवारी दुपारपासून समोरच्या घरातून नारळाच्या दुधाचा वास यायला लागला. ऊन उतरलं. मंडपात वाद्यं मांडलेली होती, पण वाजवणारा एकही दिसेना. समोर मात्र एकेक जण येत होता. ढोलवाला आला, झांजवाले दोघे भाऊ आले. मग पडवी भरली, मग चटया अंगणात आल्या. सगळ्यात शेवटी हार्तोयो आले. मागे त्यांची बायको होती, असं मी मुद्दाम सांगत नाही.

की वासितो पोहोचले तेव्हा मंडपात मी एकटा. त्यांनी रिकाम्या वाद्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रेत्नोनं सकाळीच माझ्यावर फक्त एवढंच लिहून ठेवलं होतं: आज संध्याकाळी कर्सो सुतारांचा हजारावा दिवस. तालीम जेवणानंतर.

त्यांनी बाहुल्यांची पेटी माझ्याखाली ठेवली, वहाणा काढल्या आणि अंगण ओलांडून प्रार्थनेच्या रांगेत जाऊन बसले. ते कर्सोला ओळखतही नव्हते. त्या संध्याकाळी माझ्यासमोर कुणीच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी रेत्नो ओलं फडकं घेऊन आली. मंगळवारच्या सणाचे कार्यक्रम लिहायचे होते. पोनिराह पडवीतून हाक मारून म्हणाली, "थांब गं पोरी. दिवस बुडेपर्यंत त्याचाच आहे तो."

रेत्नो थांबली. सणाचे कार्यक्रम तिनं कागदावर लिहिले आणि खांबाला बांधले. दिवसभर येणारेजाणारे माझ्यावरचं ते नाव वाचत गेले. पोनिराह पडवीत बसून माझ्याकडे बघत होती.

मित्रांनो, माझ्यावर विसंबून राहू नका. मला जपा, वर्षाकाठी काळा हात द्या, सायकल टेकवू नका, तेवढं मागतोच. पण माझ्यावर कुणाचा दिवस लिहिण्याआधी त्या माणसाच्या दारी जा आणि त्याला विचारा. मला तारीख ठाऊक असते. तो दिवस कसा गेला, ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

त्या सोमवारी तिन्हीसांजेला बांग झाली. रेत्नो परत फडकं घेऊन माझ्यापाशी आली. पोनिराहनं पडवीतला दिवा लावला, अंगण ओलांडून आली, पण रेत्नोच्या हातातलं फडकं तिनं घेतलं नाही. ती नुसती म्हणाली,

"पूस आता."