अडीच बोटं जास्त

बंदूक खांद्याला लावली आणि हरणाबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

दस्ता लांब होता. थोडाथोडका नव्हे, चांगलाच लांब. चापापर्यंत बोट न्यायला तिला मान पुढं काढावी लागत होती आणि दस्त्याचं बूड खांद्याच्या खोबणीत बसायचं सोडून दंडावर येत होतं. तिनं बंदूक खाली घेतली, पदर खोचला, परत लावली. तेच. तिसऱ्यांदा लावली. तेच.

"मेस्त्री," ती म्हणाली, "ही कुणाची बंदूक?"

गुंडा मेस्त्री सांगलीच्या गावभागात, एका बोळाच्या टोकाला ठासणीच्या बंदुका घडवायचा. आजा संस्थानाच्या वेळचा कारागीर. आता सत्तरी ओलांडलेला गुंडा एकटाच ते दुकान धरून बसला होता. त्यानं चष्मा कपाळावर सारला.

"तुमचीच की बाई. परवान्यावर नाव कुणाचं हाय?"

"नाव माझं हाय. हात कुणाचा हाय त्ये सांगा!"

मेस्त्री चष्मा काढून पुसायला लागला. आणि तो चष्मा पुसत बसला तशी हरणाबाई जास्तच पेटली.

का पेटू नये? चार वर्षं! पाटणच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला तिचं दीड एकर. नवरा सर्जेराव फौजेतनं सुभेदार होऊन आलेला, सहा फुटी गडी. तो होता तोवर रात्री त्याच्या बंदुकीचा नुसता रिकामा बार निघाला तरी रानडुकरांचा कळप डोंगर चढून जायचा. तो गेला आणि डुकरांना जणू कुणी सांगावाच धाडला. हरणाबाईनं नवऱ्याची बंदूक उचलली. पण ती त्याच्या मापाची. पहिल्याच बाराला तिचा धक्का असा बसला, की खांद्याचं हाड चिरलं. तीन आठवडे हात गळ्यात. त्या तीन आठवड्यांत डुकरांनी सगळा भुईमूग उकरून खाल्ला, एक वेल धड ठेवला नाही. पुढं निवडणुकीला ठाण्यात जमा केलेली ती बंदूक परत आली ती दस्त्याला वाळवी लागूनच.

तेव्हा बाईनं ठरवलं. बंदूक घ्यायची तर आपल्या हाताच्या मापाची. तिनं करडं विकली, तूप विकलं, दोन दाढा पडल्या त्या बसवून घेतल्या नाहीत आणि एका बाजूनं चावून दिवस काढले. नणंदेच्या पोरीच्या लग्नात जुनंच लुगडं नेसून गेली, बायका कुजबुजल्या, कुजबुजू दे. परवान्यासाठी कचेरीत किती चकरा झाल्या ते तिचं तिला ठाऊक. "बाई, तुम्ही चालवणार?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं एकच उत्तर दिलं, "न्हाई, चुलीत घालणार."

मग गेल्या माघात ती मेस्त्रीकडं माप द्यायला आली. मेस्त्रीची रीत आज्यापासूनची. बांबूची एक कामटी घ्यायची, कोपराच्या घडीपासून चापाच्या बोटापर्यंत धरायची आणि तिथं तोडायची. मग ती उभी चिरून तिच्या दोन करायच्या. अर्धी गिऱ्हाइकाला, अर्धी दुकानातल्या खिळ्याला. बंदूक द्यायच्या दिवशी दोन्ही जोडून बघायच्या. बांबूचं पेर पेराला जुळलं तरच बंदूक हातात. हरणाबाईनं आपली अर्धी कामटी देवघरात, हळदीच्या डब्याखाली जपून ठेवली होती. आज निघताना तिला नमस्कार करूनच पिशवीत घातली होती.

ती कामटी तिनं मेस्त्रीच्या पाटावर आपटली.

"जोडा."

मेस्त्रीनं खिळ्यावरची कामटी काढली. ती अडीच बोटं लांब होती. पेर तर कुठल्या कुठं.

"तुमचं दीर आलतं श्रावणात," मेस्त्री खाली बघत म्हणाला. "आकाराम. सोबत पोरगा हुता उंचापुरा. म्हणालं, पयलं माप चुकलंय, बंदूक पोरानं चालवायची हाय. त्याचा हात मापून दुसरी कामटी केली."

"आन तुमी केली? मला न इचारता? जोडून न बघता?"

"मला वाटलं, बाईमाणूस... परवाना नावापुरता असंल."

"नावापुरता! आवं, तुमच्या आज्यानं रीत घातली ती कशाला? वाळवी खायाला? चार वरसं मी तोंड बांधून पैका साठीवला, आन तुमी दिराच्या एका शब्दावर माझा हात बदलून टाकला!"

मेस्त्रीचे कान लाल झाले. तो म्हणाला, "चुकलं माझं. द्या हिकडं. तासाभरात कापून देतो."

हरणाबाईनं बंदूक पुढं केली. आणि तशीच परत मागं घेतली. आकारामनं हे का केलं, ते तिला आता लख्ख कळलं होतं. दसऱ्याला गाव सोनं लुटायला शिवेवर निघतं, तेव्हा पहिला बार सर्जेरावच्या घरानं काढायचा, असा मान. सर्जेराव गेल्यापासून तो बार निघाला नव्हता. आकारामला तो बार आपल्या पोराच्या, वीरधवलच्या हातून काढायचा होता. बंदूक वहिनीची, पैसा वहिनीचा, आणि मिशीवर ताव ह्यांनी मारायचा! इथंच गुपचूप कापून नेली, तर हा बाबा उद्या गावात काय सांगेल? मेस्त्रीच चुकला म्हणेल. आणि पुढच्या वेळी आणखी काहीतरी परस्पर करून मोकळा होईल.

"हितं न्हाई कापायची," ती म्हणाली. "करवत पिशवीत घाला आन चला माझ्या गावाला."

"आवं बाई, एवढ्या लांब? आन उद्या खंडेनवमी. उद्या मी हत्याराला हात लावत न्हाई, पुजायचं असतं."

"म्हणून तर आज चला."

मेस्त्रीनं एकदा बंदुकीकडं बघितलं, एकदा त्या दोन कामट्यांकडं. मग उठून करवत आणि कानस फडक्यात गुंडाळली.

कराडला एक एसटी, पाटणला दुसरी, तिथनं वर वडापची जीप. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक हरणाबाईनं मांडीवरून हलू दिली नाही. वाटेत मेस्त्रीनं दोनदा चहाचं विचारलं. दोन्ही वेळेला तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तिसऱ्या प्रहरी दोघं वस्तीवर उतरली, तर हरणाबाईच्या अंगणात थाटच! सतरंजी घातलेली, पाट मांडलेला, झेंडूची माळ तयार. भावकीतली दहाबारा माणसं जमलेली. आकाराम नवा फेटा बांधून मधोमध उभा, आणि वीरधवल मोबाईल घेऊन शूटिंगला सज्ज.

"या वैनी, या!" आकाराम दोन्ही हात पसरून पुढं आला. "आणा हिकडं. धर रं वीरधवल, बघ कशी बसतीया."

"थांबा भावजी," हरणाबाई म्हणाली. "आधी मेस्त्रीचं ऐका."

मेस्त्री बिचारा सतरंजीच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं दोन्ही कामट्या वर धरल्या. काय झालं, कुणी येऊन काय सांगितलं, त्यानं काय चूक केली, सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

आकारामचा चेहरा पडला, पण जीभ पडली नव्हती. "मग? काय वाईट केलं? घराण्याचा बार हाय. बाईनं काढायचा का? घरातली वस्तू घरातच ऱ्हाती की. वीरधवल काय परका हाय?"

झालं. चार वर्षं जे आत धुमसत होतं ते बाहेर आलं.

"परका न्हाई? मग माझं हाड चिरलं तवा कुठं हुता? तीन आठवडं माझा हात गळ्यात हुता, भावजी. तुमचं घर माझ्या घरापास्नं चाळीस पावलं. तीन आठवड्यांत एक रात, एकच रात, ह्यो माझ्या राखणीला आला का? डुकरं भुईमूग उकरत हुती, मी एका हातानं डबा बडवत हुते, तुमच्या घरात टीव्ही चालू हुता. मला ऐकू येत हुता! तवा ह्यो एवढा लांब हात कुठं गेलता? माप द्यायला बरा सापडला!"

वीरधवलनं मोबाईल खाली केला.

"मला ठाऊक नव्हतं थोरल्याआय," तो पुटपुटला. "आबा म्हणालं चल, म्हणून हात मापून दिला."

"ठाऊक नव्हतं तर इचारायचं! चोवीस वरसाचा घोडा झालास, हात पुढं करताना कशाला म्हणून इचारावं वाटलं न्हाई? मेस्त्री, काढा करवत."

"वैनी!" आकाराम पुढं झाला. "नव्या हत्याराला करवत लावतीस? चारचौघांत माझी इज्जत घालवतीस?"

"तुमची इज्जत अडीच बोटं जास्त हाय, भावजी. तेवढीच कापायची हाय."

भावकीतला एक म्हातारा खुसकन हसला आणि फेट्याच्या शेमल्यात तोंड लपवलं. मेस्त्री सतरंजीवर बसला. त्यानं बुडाची पितळी पट्टी काढली, हरणाबाईची कामटी दस्त्यावर धरून नखानं खूण केली आणि करवत लावली. शिसवीचा भुसा झेंडूच्या माळेवर पडला. अडीच बोटं लाकूड सुटून पाटाखाली घरंगळलं. मग त्यानं कड कानशीनं घासली, पट्टी परत बसवली आणि बंदूक दोन्ही हातांनी तिच्या पुढं धरली.

हरणाबाईनं नळीत दारू ओतली, वर चिंधी घालून गजानं ठासली, घोड्याखाली ठिणगीची टोपी चढवली. डोंगराकडं तोंड करून दस्ता खांद्याला लावला. बूड खोबणीत जाऊन बसलं, बोट चापावर आपोआप आलं. मान जागची हलवावी लागली नाही.

बार निघाला. झाडावरचे कावळे उठले, डोंगरानं दोनदा आवाज परत दिला. हरणाबाई खांदा चाचपत उभी राहिली. दुखत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. ती पदरानं डोळे पुसत खाली वाकली, कापलेला लाकडाचा तुकडा उचलला आणि आकारामच्या तळहातावर ठेवला.

"ह्ये तुमचं. उरल्याली माझी."

आकाराम तुकडा धरून उभा राहिला. टाकता येईना, ठेवता येईना. आवाज उतरवून म्हणाला, "आन दसऱ्याचा बार?"

"मी काढणार. घराण्याचा मान हाय न्हवं, चुकवत न्हाई. पण शिवेवर जाऊन यायला दिस बुडतो आन डुकरं दिस बुडतानाच उतरत्यात. तवर माझ्या रानात राखणीला वीरधवल बसंल."

सगळ्यांनी वीरधवलकडं बघितलं. वीरधवलनं बापाकडं बघितलं. बाप हातातल्या लाकडाकडं बघत होता.

"बसतो," वीरधवल म्हणाला. "डबा कुठं असतोय, थोरल्याआय?"

"राखणीच्या माळ्यावर हाय, वासाला टांगल्याला. जोरात बडवायचा," हरणाबाई बंदूक पुसत म्हणाली. "आन मोबाईल घरी ठेवून यायचा."