उतरत्या चंद्राची कात्री

वाळलेलं रक्त.

मक्याचं पीठ.

कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात फुकट मिळालेलं कॅलेंडर, त्यावर चंद्राच्या कला.

टॉवेलात गुंडाळलेला कोंबडा, फक्त डोकं बाहेर.

अमेरिकेतल्या केंटकीतला ऑगस्ट.

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कोंबड्याच्या डोक्याच्या गोलाईवर नीट बसावीत म्हणून माझी पाती बाकदार घडवली. प्रदर्शनात उतरणाऱ्या ठेंगण्या, झुंजार जातीच्या कोंबड्याला तुरा चालत नाही. चोचीखालच्या लोंबत्या पाळ्याही नाहीत. पूर्वी झुंजीत शत्रूला धरायला काही सापडू नये म्हणून हे दोन्ही कापत. झुंजी बंद झाल्या, कापणं राहिलं.

हर्शेल टॅकेटच्या हातात मी म्हातारी झाले. परीक्षक त्याच्या कोंबड्यांच्या डोक्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "हर्शेल, ही कात्री आहे की इस्त्री?" मला फार अभिमान वाटे.

चंद्र उतरता असल्याशिवाय हर्शेल मला हात लावत नसे. तेव्हा रक्त कमी येतं, असं त्याचा बाप सांगे. यंदा नेमका त्या दिवसांत तो तापाने पडला. बरा झाला तेव्हा चंद्र वाढता. मग तो पुन्हा थांबला. तोवर यंदाच्या तांबड्या कोंबड्याचा तुरा जाड झाला, ऊन तापलं; दोन्हींनी रक्त जास्तच येतं.

"राहू दे ना त्याला तुऱ्यासकट," त्याची बायको ओनेटा म्हणाली.

"तसा ठेवला तर परीक्षक बघणारसुद्धा नाही."

"नाही बघितलं तर नाही! तुझा हात बघ आधी. अर्धी कॉफी शर्टावर असते."

"म्हणून तर कोंबडा तू धरायचा. चल, चंद्र उतरलाय."

तिने धरला.

मी मिटत होते, तोच हर्शेलचा हात हलला.

मी फार खोल गेले.

रक्त थांबावं म्हणून त्यांनी जखमेवर मक्याचं पीठ दाबलं. कोंबड्याच्याच मानेचं पीस वर चिकटवलं.

"थांबेल, थांबेल," हर्शेल म्हणत राहिला. "चंद्र बरोबर आहे."

टॉवेल रक्ताने जड झाला. कोंबड्याचे पाय ओनेटाच्या हातात ताणले गेले, मग सैल पडले.

आता मी खिळ्यांच्या डब्यात गंजते आहे. मित्रांनो, मला तेल देऊ नका, धार लावू नका. कात्रीने असं सांगू नये, पण जो जीव तुम्ही वाढवता, तो जसा आहे तसा आवडू द्या.

त्या तांबड्याची आई अंड्यांवरून उठून गेली होती. तो ज्या अंड्यातून निघाला, ते ओनेटाने अंगावरच्या कपड्यांत, छातीशी धरून उबवलं होतं.