नदीकाठचे सुटे घर

मित्रांनो, दार उघडलेच आहे तर आत या, पण त्या मोडक्या बाकांना धक्का लावू नका. त्यांच्यामागे भिंतीलगत जी मोठी लाकडी चौकट आडवी पडली आहे ना, तो मी. मी एक जुना नकाशा आहे. खिळ्याला टांगायचा किंवा गुंडाळून ठेवायचा नकाशा नव्हे, मी उठावाचा नकाशा आहे. माझ्यावर बोट फिरवले की टेकडी चढता येते आणि नदीत उतरता येते. आता बोट फिरवाल तर आधी धूळच लागेल, पण त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका लहान गावातल्या शाळेत झाला. ते गाव कागदाच्या गिरणीवर जगत होते. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी गिरणीतून बादल्या भरभरून लगदा मागून आणला, सुताराने चौकट करून दिली आणि मुलांनी कोपरापर्यंत हात बरबटून मला थापले. ज्या लगद्यावर गावाचे पोट भरत होते, त्याच लगद्याचा मी. वाळताना मला चिरा पडत. बाई रोज सकाळी येऊन त्या बोटाने बुजवत आणि म्हणत, "लहान मुलासारखं आहे याचं, जरा नजर हटली की काहीतरी करून ठेवतो."

मग मला रंग मिळाले. लोक जमिनीचा जसा उपयोग करतात तसा तिला रंग द्यायचा, याला भूमी उपयोजन म्हणतात, असे बाईंनी सांगितले. शेते पिवळी झाली, टेकडीवरचे रान हिरवे झाले, गिरणीचे आवार राखाडी झाले. एका मुलाने शाळेचे मैदान लालभडक रंगवले. बाईंनी विचारले, "अरे, लाल का?" तो म्हणाला, "तिथे आमचे गुडघे फुटतात." बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मैदान लालच राहिले. बघा, अजून आहे.

सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून करंगळीच्या पेराएवढी घरे कापून दिली. प्रत्येक मुलाने आपले घर रंगवले आणि आपल्या हाताने माझ्यावर बसवले. सगळी घरे बसली तेव्हा जे पुस्तकात कोरडे वाटत होते ते मुलांना डोळ्यांनी दिसले. नदीकाठच्या रस्त्याने घरांची एक लांब ओळ गेली होती, ती रेषाकृती वस्ती. गिरणीभोवती घरे एकमेकांना खेटून बसली होती, ती केंद्रित वस्ती. टेकडीवर मात्र एक घर इथे तर एक पार तिथे.

"ही विखुरलेली वस्ती," बाई म्हणाल्या.

टेकडीवरचा मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे शेजारी साखर मागायला जायचं तर चपला घालाव्या लागतात, तशी!"

लोकसंख्येची घनता शिकवताना बाईंनी जमिनीवर खडूने दोन सारखे चौकोन काढले, एकात अर्धा वर्ग कोंबला आणि दुसऱ्यात दोनच मुले उभी केली. कोंबलेली मुले हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि दुसऱ्या चौकोनातली दोघे कंटाळून त्यांच्याकडे बघत होती. तपासणीला आलेले साहेबसुद्धा एकदा चष्मा काढून माझ्यावर वाकले आणि म्हणाले, "असं काम मी पाहिलं नाही." त्यानंतर कितीतरी दिवस मी फुशारून होतो. ते माझे चांगले दिवस होते.

बाईंचा एक नियम होता. घरे नेहमी खळीने चिकटवायची, सरसाने नाही. खळ म्हणजे पिठाची, हाताला लागली तरी धुऊन जाणारी. सरस सुताराचा, एकदा बसला की बसला. "माणसं हलतात," बाई सांगत, "तर त्यांचं घरही हलवता आलं पाहिजे. याला स्थलांतर म्हणतात." गावात नवे कुटुंब आले की त्यांच्या मुलाने आपले घर बसवायचे. कुणी गाव सोडून चालले की त्या घरच्या मुलाने आपले घर उचलायचे आणि बरोबर न्यायचे. तोवर घरे बसवणारेच हात जास्त येत होते, म्हणून त्या नियमाचे दुःख कुणाला कळले नव्हते.

मला घडवणाऱ्या त्या वर्गात दोन मैत्रिणी होत्या. सुताराची मुलगी एका जागी टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दुसरीचे वडील गिरणीत लगदा ढवळायच्या हौदावर होते. ती सगळीकडे शेवटी पोहोचायची, म्हणून ती गोगलगाय. नदीकाठच्या ओळीत दोघींची घरे शेजारी होती, गावातही आणि माझ्यावरही. भिंगरीने आपले घर पिवळे रंगवले होते. गोगलगाईने विटकरी रंग दिला आणि खिडकी काढता काढता तास संपला, म्हणून तिच्या घराला दार राहूनच गेले.

मग गिरणी बंद पडली. एके दिवशी भोंगा वाजला नाही, पुढच्या दिवशीही नाही, आणि नंतर लोकांनी कान देणेच सोडून दिले. बाईंनी नेमका तेव्हा स्थलांतराच्या कारणांचा धडा घेतला. काही कारणे माणसाला जुन्या जागेतून ढकलतात, काही नव्या जागेकडे ओढतात, असे समजावून त्यांनी विचारले, "सांगा बरं, लोकांना शहराकडे काय ओढतं?"

कुणी रोजगार म्हणाले, कुणी मोठे दवाखाने. गोगलगाय सर्वांत शेवटी हळूच म्हणाली, "बाई, आम्हाला काहीच ओढत नाहीये. आम्हाला नुसतं ढकलतंय."

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

त्यानंतर माझ्यावरून घरे उठू लागली. मुले यायची, घराखाली नख घालायची, आणि खळ असल्यामुळे घर अलगद सुटायचे. खाली फिकट डाग राहायचा. गिरणीभोवतीची दाट वस्ती बघता बघता डागांची झाली. भिंगरीचे वडील मात्र कामाने बेजार होते, कारण जाणाऱ्या प्रत्येकाला सामानासाठी खोके हवे होते. एके दिवशी त्यांच्याकडे गोगलगाईच्या घरचे खोके करायचे काम आले आणि भिंगरीला कळले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटी वर्गात आली. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा होता. त्यात वडिलांच्या शेगडीवरून उतरवलेला गरम सरस होता. तिने विटकरी घर काढले, त्याला बुडाशी सरस लावला, ते जागेवर बसवले आणि दोन्ही अंगठ्यांनी घंटा होईपर्यंत दाबून धरले. मला चटका बसला. मी नकाशा आहे, मला ओरडता येत नाही. शिवाय खरे सांगू? मलाही वाटले, बसू दे.

दोन दिवसांनी गोगलगाय घर न्यायला आली. तिने नख घातले, घर हलेना. तिने जोर केला. मुले हसायला लागली, "अगं, घरही गोगलगाय झालं!" बाई मदतीला आल्या. दोघींनी मिळून ओढले आणि घर सुटले, पण एकटे नाही. माझा लगद्याचा लचका त्याच्या बुडाशी चिकटून आला आणि नदीकाठी एक खळगा पडला. हसणे तिथेच थांबले.

भिंगरी रडू लागली. "मी सरस लावला, बाई. मला वाटलं, इथे राहिली तर ती जाणार नाही."

बाई तिला मारतील असे वर्गाला वाटले. बाईंनी तिला जवळ ओढले. "नकाशा धरून ठेवला म्हणून माणसं थांबत नाहीत गं," त्या म्हणाल्या.

गोगलगाईने ते घर लगद्यासकट ओंजळीत घेतले. "सुट्टीत येईन," ती मैत्रिणीला म्हणाली. "याच खड्ड्यात बसवीन. बुजवू नका हां."

बाईंनी खळगा बुजवला नाही. भिंगरी रोज त्यातली धूळ फुंकून काढायची. सुट्टी आली आणि गेली, दुसरीही गेली. शेवटी सुताराने स्वतःच्या घरासाठी खोके केले. भिंगरी माझ्याजवळ आली, पण तिने आपल्या पिवळ्या घराला हात लावला नाही.

"उचल गं," बाई म्हणाल्या.

"नको बाई. ती आली तर तिला कळायला नको, कुठे बसवायचं ते?"

शाळा बंद झाली तेव्हा बाईंनी मला गाडीत घालून या मोठ्या शहरातल्या शाळेत पोहोचवले. इथल्या मुलांपैकी ते गाव कुणाचेच नव्हते. काही दिवस मी वर्गात होतो, मग जिन्याखाली, मग इथे. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले गेले, उंदरांनी टेकडीचा एक कडा खाल्ला. त्यांना तरी काय कळणार, कुणाची टेकडी होती ती? लगदा वर्षानुवर्षे वाळत गेला आणि मी आक्रसलो. वाट बघणे मात्र सुटले नाही. रोज वाटायचे, आज विटकरी घर येईल.

ते आले, मित्रांनो. गेल्या वर्षी शिपाईकाकांनी दार उघडले आणि त्यांच्यामागून एक पिकल्या केसांच्या बाई भराभर आत आल्या. त्या चालीवरून मी ओळखले. भिंगरीच ती. तिने पदराने माझा नदीकाठ पुसला, पिवळे घर पाहिले, शेजारचा खळगा पाहिला, आणि पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत विटकरी घर होते. खिडकी होती, दार नव्हते.

"तुमचं का हे?" शिपाईकाकांनी विचारले.

"मैत्रिणीचं. ती वारली. तिच्या भावाने शोधत येऊन माझ्याकडे दिलं." तिने घर तळहातावर घेतले. "म्हणाला, कितीदा बिऱ्हाडं बदलली, पण नव्या खोलीत गेलं की ताई आधी हे खिडकीत ठेवायची, मग चूल मांडायची. यायला मात्र जमलं नाही तिला."

तिने घर खळग्यात बसवले. ते नीट बसले नाही. मी आक्रसलो होतो, त्या लचक्याच्या कडा झिजल्या होत्या, आणि घर जरासे कलले. तिने ते सरळ केले, पुन्हा कलले. शिपाईकाका म्हणाले, "थांबा ताई, डिंक आणतो. पक्कं करून टाकू."

"नको," ती म्हणाली. "एकदा केलं होतं पक्कं."

मग तिने आपले पिवळे घर बोटाने जरासे सरकवायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांची खळ, तीही दगड झाली होती. तिने तो नाद सोडला, विटकरी घरच हळूच कलते केले आणि पिवळ्याला टेकवून ठेवले. ते तसे राहिले. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली, खळग्याच्या कडेवर एकदा फुंकर घातली आणि गेली.

ते गाव आता वस्ती म्हणून कुठल्या नकाशात नाही. तिथे घनता मोजायची तर मोजायला माणूस नाही. उरली आहेत ती माझ्यावरची चारदोन घरे. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. ही खोली कधीतरी रिकामी करावी लागणारच. मला ठेवायचे की टाकायचे, ते तुमच्या हाती. पण उचलाल तेव्हा दोघांनी दोन बाजूंना धरा, आडवा धरा आणि हळू चाला. माझ्यावरचे एक घर चिकटवलेले नाही.