मॅडमचं लेकरू

माझ्या मोटरसायकलीला ओरडणारं कुलूप होतं. पुढच्या चाकाच्या लोखंडी चकतीला भोकं असतात. त्यातल्या एका भोकातून कुलपाची खुंटी आरपार गेली की चाक फिरत नाही. कुणी गाडीला धक्का लावला तर कुलूप आधी चिवचिवतं, आणि गाडी तरीही हलत राहिली तर असं किंचाळतं की गोठ्यातले बैल दावी ओढू लागतात. दिग्रसच्या बाजारातून माझी आधीची गाडी चोरीला गेली, तेव्हा मी ते घेतलं.

शेजारच्या मथुराबाईंनी त्याचं नाव ‘मॅडमचं लेकरू’ ठेवलं होतं. गाडीवर कोंबडी चढली तरी कुंपणापलीकडून त्यांचा आवाज यायचा, “पाहा व मॅडम, लेकरू रडून राह्यलं. भूक लागली असन त्याले.”

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि बापूजी व वच्छलाबाई यांच्या घरात भाड्यानं राहायची. रविवारी कुलूप काढून पुसायचं, आतले बटणासारखे सेल तपासायचे आणि चावीच्या भोकात शिसपेन्सिलीची पूड सोडायची, एवढी त्याची निगा. तेल घालायचं नाही. आमच्याकडे हिवाळाभर हवेत कापसाचे तंतू असतात, ते तेलाला चिकटतात आणि आत गाळ साचतो. वच्छलाबाई ओसरीवर बसून हे सगळं बघत असायच्या. त्या कधी काही विचारत नसत.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडात अळी होती, म्हणून जो तो फवारत होता, आणि फवारणारी माणसं दवाखान्यात पोचत होती. वच्छलाबाईंचा एकुलता मुलगा ऋतिक हे ऐकून हसायचा. “मॅडम, अळीले काही होत नाई, त मले काय होते?”

खंडेनवमीला बापूजींनी विळे, कुऱ्हाड, डवरा आणि फवारणीचा पंप ओळीनं मांडून पूजले. आमच्या घरी ही पूजा नसते. आजोबांपासून आमचा दसरा नागपूरला, दीक्षाभूमीवर. पण त्या वर्षी मी तापातून नुकती उठले होते, म्हणून घरच्यांबरोबर गेले नाही. दसऱ्याच्या सकाळी माझ्या गाडीच्या हँडलला झेंडूची माळ आणि कुलपावर हळदीकुंकवाची बोटं दिसली. वच्छलाबाईंचीच. मायेनं लावलेलं पुसून टाकणं मला बरं वाटलं नाही.

सणाच्या दिवशीही ऋतिक फवारायला गेला होता. जेवणाच्या सुमारास तो परत आला तेव्हा फाटकाला धरून उभा राहिला. पाय ठरत नव्हते.

“पेऊन आला काय बे?” बापूजी म्हणाले. “आज तरी लाज ठेवाची होती.”

ऋतिकच्या तोंडातून लाळ गळत होती. मी जवळ गेले. दारूचा वास नव्हता, फवारणीच्या औषधाचा होता. सदरा पाठीला चिकटलेला. डोळ्यांतल्या बाहुल्या आकसून टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

“काका, ही दारू नाही. फवारा अंगात गेलाय. दवाखान्यात न्यायला हवं, आत्ताच.”

मी हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. त्याचे कपडे उतरवले. साबण लावून अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. बापूजी रुग्णवाहिकेसाठी फोन लावत होते. ती दुसऱ्या गावाला गेली होती, परतायला वेळ लागणार होता. बौद्धपुऱ्यातल्या जीपा नागपूरला होत्या आणि बाकीच्या गाड्या दिग्रसला, दसऱ्याच्या मिरवणुकीला. मथुराबाई गावात एक चक्कर मारून आल्या आणि एकही गाडी नाही म्हणाल्या.

राहिली माझी गाडी.

मी चावी घेऊन चाकाशी बसले. चावी अर्धी आत गेली आणि थांबली. पुन्हा घातली, पुन्हा तिथंच. कुलूप चिवचिवलं. मी जोर लावला आणि ते किंचाळायला लागलं.

“बंद करा व त्याले,” मथुराबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या.

“उघडल्याशिवाय बंद होत नाही.”

ऋतिकला ओसरीवर कुशीवर झोपवलं होतं. दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. वच्छलाबाई त्याचं डोकं धरून बसल्या होत्या आणि पाहत मात्र माझ्याकडे होत्या.

बापूजी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी ती भोकात रिकामी केली. चावी तसूभरही पुढं सरकली नाही. मग ते घण घेऊन आले.

“सरका मॅडम. तोडतो मी.”

“काका, घाव चकतीवर बसेल. चकती वाकली तर चाक फिरणारच नाही.”

“मंग काय करू? पोरगं मराले टेकलं माह्यं, आन तुमी चकतीचं सांगून राह्यले?”

त्यांनी घण उचलला. मी हात काढला नाही, म्हणून तो हवेतच राहिला. आवाज चालूच होता. ऋतिकला ओकारी झाली.

मी डोळे मिटून विचार करायचा प्रयत्न केला. परवापर्यंत चावी लोण्यासारखी फिरत होती. दोन दिवसांत धूळ इतकी साचत नाही. कुंकवाची पूड असती तर कचकच लागली असती. हे घट्ट होतं, चिकट. तेवढ्यात मनगटाला काहीतरी चावलं. मुंगी होती. मी पाहिलं, तर मुंग्यांची रांग टायरवरून चढून आऱ्याआऱ्यानं थेट कुलपापर्यंत आली होती. मघापासून मी त्यांना झटकत होते आणि त्या कशासाठी आल्या आहेत हे स्वतःला विचारलं नव्हतं.

“मावशी,” मी ओरडून विचारलं, “यात गोड काय घातलं?”

वच्छलाबाईंचे ओठ हलले. कुलपाच्या किंचाळण्यात काही ऐकू आलं नाही. मी उठून त्यांच्याजवळ गेले.

“गूय,” त्या म्हणाल्या. “नैवेद्याचा गूय, ओला करून. लेकरू रडते म्हनून त्याच्या तोंडात घातला. तुमी बी त घालता त्याच्या तोंडात काही काही.” त्यांनी ऋतिकचं डोकं छातीशी धरलं. “म्याच मारलं काय व माह्या पोराले?”

“गूळ पाण्यात विरघळतो, मावशी. गरम पाणी आहे?”

पुरणासाठी ठेवलेलं आधण चुलीवर उकळत होतं. त्या उठल्या आणि फडकंही न घेता ते पातेलं उचलून आणलं. मी ते चहाच्या किटलीत ओतलं आणि आधी साबणाचं पाणी सोडून वरचं तेल काढलं. मग किटलीच्या तोटीनं बारीक धार भोकात धरली. चावी आत, बाहेर. तपकिरी पाणी निथळलं. पुन्हा धार. चावी थोडी पुढं गेली. बापूजींनी घण खाली ठेवला आणि किटली स्वतः धरली. धार बरोबर भोकात पडत होती.

“थांबू नका काका.”

“नाई थांबत.”

चावी मुळापर्यंत गेली. मी ती दोन्ही बाजूंना हळूहळू हलवत राहिले. जोर लावला असता तर तुटली असती. मग आत काहीतरी सरकलं आणि खुंटी बाहेर आली.

कुलूप उघडलं, तरी गप्प झालं नाही. गरम पाणी आत कुठंतरी सेलांपर्यंत पोचलं असावं. त्याची आठवणीची दोरी हँडलला अडकवलेली होती. कुलूप काढायचं विसरून गाडी चालवू नये म्हणून ती असते. सोडत बसायला वेळ नव्हता. ओसरीवर ठेवलेल्या फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव डॉक्टरांना दिसायला हवं, म्हणून ती पिशवीत घालून टाकीवर बांधली आणि कुलूपही तिच्यातच कोंबलं. मध्ये ऋतिक, मागं वच्छलाबाई. मथुराबाईंनी कुंपणावर वाळत घातलेल्या आपल्या लुगड्यानं तिघांना एकत्र आवळलं.

रस्ताभर पिशवी किंचाळत होती. ऋतिकचं डोकं माझ्या पाठीवर आपटत होतं. ते आपटणं थांबलं की मी विचारायची, “मावशी?” आणि मागून यायचं, “हाय. श्वास हाय.”

दिग्रसच्या वेशीपाशी रस्ता भरून गेला होता. पुढ्यातच ढोल, लांब पुढं ट्रॅक्टर, मध्ये माणसंच माणसं, हातात आपट्याची पानं. मी हॉर्न दाबला. ढोलात तो मलाच ऐकू आला नाही. ब्रेक लावला, पाय टेकला.

“मावशी?”

त्यांचा हात ऋतिकच्या अंगावरून पुढं आला. पिशवीचं तोंड उघडून त्यांनी कुलूप बाहेर ओढलं आणि दोरी पुरेल तेवढं डोक्याच्या वर धरलं.

पहिल्यांदा ढोलवाल्यांनी मागं वळून पाहिलं. त्यांचे हात थांबले. मग त्यांच्या पुढची माणसं वळली. कुणीतरी ऋतिकचा चेहरा पाहिला आणि मागच्यांना ढकलायला सुरुवात केली. “सरका, सरका, फवाऱ्याचं हाय.” त्या महिन्यात हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. गर्दीत गाडीपुरती वाट पडली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून तेवढ्यातून नेली.

दवाखान्यात बाटली पाहून डॉक्टरांनी विष उतरवायची, लाळ आटवणारी सुई भरली, मग पुन्हा, मग पुन्हा. आम्हाला बाहेर बसवलं. कुलूप बाकावर पडून अजून ओरडत होतं, पण आता आवाज बसत चालला होता. सेल संपत आले होते. एक परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, “बाई, हे बंद करा ना.”

मी सेलांचं झाकण उघडायला पेन काढलं. वच्छलाबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या तळव्यांवर पातेल्याचे फोड आले होते.

“नको,” त्या म्हणाल्या. “रडू दे त्याले. पोरगं बोलेपावतर रडू दे.”

परिचारिकेनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. कुलूप रडत राहिलं, आधी मोठ्यानं, मग चिवचिव, मग अधूनमधून एखादा सूर. ते थांबल्यावर आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, दाराकडं बघत.

आतून बोलावलं तेव्हा ऋतिकचे डोळे उघडे होते आणि बाहुल्या रुंदावल्या होत्या. लाळ थांबली होती. ओठ चिकटत होते, त्याला शब्द नीट फुटत नव्हता.

“माय,” तो म्हणाला, “तोंड लय कोरडं पडलं व.”

वच्छलाबाई घाबरून माझ्याकडे वळल्या.

“कोरडंच पडायला हवं, मावशी,” मी म्हणाले. “सुईचं औषध लागू पडलं.”