टीव्हीतला तानबा

"अन् हा कोन आला? हा आपला तानबा!" बंडूजीने टीव्हीवरच्या जाड्या पोराकडे बोट केले, आणि गणपतीच्या मांडवात हशा पिकला.

शहाऐंशी साल. बोरगावच्या मंडळाने भाड्याने व्हीडिओ आणला होता आणि दुकानदाराने भलतीच कॅसेट दिली होती. वर्ध्याला आलेल्या कुणा जपानी पाहुण्याची असावी. कार्टूनसारखा चित्रांचा सिनेमा, आणि बोलणे सगळे जपानी. लोक उठायला लागले तसा बंडूजी माईक घेऊन पुढे झाला. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या या माणसाला गावात किंमत होती ती तोंडामुळेच. दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-सोंगांच्या खेळात, तो सोंगाड्या व्हायचा, आणि सोंगाला गावातल्याच कुणाचे तरी नाव द्यायचे ही तिथली रीत होती.

भाषा कळत नसली तरी गोष्ट त्याला कळत होती. बशीएवढ्या डोळ्यांचा अनाथ पोरगा, तो नायक. पांढऱ्या दाढीचा गुरू मधेच मरणार. तोंड झाकलेला वैरी शेवटी भाऊ निघणार. आणि मागून धापा टाकत येणारा खादाड मित्र, तो नुसता हसण्यापुरता.

"पाहा, दुनिया बुडून राह्यली अन् तानबा भात शोधून राह्यला!"

तानबा हमाल होता, भारी अंगाचा. लहानपणी पुरात वाहून जाणाऱ्या बंडूजीला यानेच खांद्यावर घेऊन काढले होते. आजचा टीव्हीही तोच डोक्यावरून घेऊन आला होता. बायकोजवळ, कौशल्याबाईजवळ बसून तोही पोट हलवत हसत होता, त्यामुळे बंडूजीला आणखीच चेव आला.

मग टीव्हीतला डोंगर खचला. नायक गुहेत अडकला. त्या जाड्या पोराने दगडाला खांदा लावला, नायक सुटला, पोरगा मात्र खालीच राहिला. हातातला भाताचा गोळा घरंगळत गेला.

मांडव खो-खो हसला.

"हसू नोका," बंडूजी म्हणाला, "मेला नं तो."

लोकांना हाही विनोदच वाटला. तानबाचे हसू तेवढे थांबले होते. कौशल्याबाईने पदर सावरला. "चाला घरी," एवढेच ती म्हणाली. बंडूजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोकांना असे हसायला त्यानेच शिकवले होते, आणि आता त्याचेच कुणी ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी महाप्रसाद होता. तानबाला बुंदी वाढायची ती बंडूजीनेच, हे दरवर्षीचे ठरलेले. तानबा "येऊ दे अजून" म्हणत राहायचा आणि पंगत हसायची. बंडूजीने एकदा वाढले. दुसऱ्या फेरीला वाटी भरून तो वाकला.

"घे नं, तानबा."

तानबाने पत्रावळीवर हात आडवा धरला. "नोको गा. भरलं पोट."

आवाजात राग नव्हता. "पुढं वाढ," तो म्हणाला, "लोकं थांबले हायेत."

पंगतीतले दोघे-तिघे बंडूजीच्या तोंडाकडे बघत होते, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. त्याने भरलेली वाटी बादलीत उपडी केली आणि तो पुढच्या पत्रावळीकडे सरकला.