बिननावाचा सुळा

साहेबांनी माझं टेबल खिडकीजवळ हलवलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एकोणीस वर्षं मी कोपऱ्यातल्या त्याच जागी बसून लोकांचे दात करत आले. खोटे दात हो! दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही लॅबमध्ये दात घडवतो, रंगवतो, भट्टीत भाजतो. नव्या दाताचा रंग शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवायचा, हे माझं काम. यात माझा हात कुणी धरू शकत नाही असं सगळे म्हणायचे, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

"ताई, इथे उजेड छान आहे," साहेब म्हणाले.

एकोणीस वर्षांनी उजेड सुचला! म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मग एकेक दिसायला लागलं. मी आत शिरले की साहेब आणि चिमणी बोलायचे थांबायचे. चिमणी म्हणजे आमची पॉलिशवाली, तिशीतली, आवाज बारीक म्हणून चिमणी. पाचाच्या ठोक्याला पर्स उचलून पळणारी ही बया आता मी निघाले तरी जागची हलेना. संध्याकाळी डावीकडे ठेवलेला ट्रे सकाळी उजवीकडे. माझा बारीक ब्रश भलत्याच ग्लासात. विचारलं तर म्हणे, "मी कशाला हात लावू, ताई?" आणि मान खाली.

"तिला माझं काम शिकवतायत," मी घरी सांगितलं. "ती तयार झाली की मला नारळ."

आमचे हे पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "तुला दोरी दिसली की साप वाटतो. परवा बल्ब मंद आहेत म्हणून दुकानदाराशी भांडून आलीस. मला तर चांगले लख्ख दिसतायत."

यांना काय, सगळं जग साधं वाटतं. मी मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लॅब आहे, तिथे गुपचूप अर्ज टाकला. त्यांनी परीक्षा म्हणून एका सुळ्याचं माप दिलं आणि कुठला रंग हवा त्याचा नमुना दिला. तो सुळा मी आमच्याच भट्टीत भाजला, जेवणाच्या सुट्टीत. चोरी म्हणा हवं तर. पेशंटचं नाव न घालता, नमुन्यासकट रात्रभर माझ्या ट्रेमध्ये ठेवला, सकाळी उचलून पोचवला. चौथ्या दिवशी तिथल्या मॅनेजरचा फोन.

"ताई, काय रंग जुळवलाय! खरा दात कुठला तेच कळत नाही. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा."

मी हरखले. फोन ठेवला आणि लगेच दुसरा किडा वळवळला. पन्नाशी उलटलेल्या बाईचं एवढं कौतुक? साहेबांनीच तर हे जमवलं नसेल, मला परस्पर वाटेला लावायला? तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. जावं तर तिथे नव्याने सुरुवात, राहावं तर इथे मानेवर सुरी. शेवटी ठरवलं, आधी यांना रंगेहाथ पकडायचं आणि मग राजीनामा तोंडावर फेकायचा.

शुक्रवारी बरं वाटत नाही म्हणून दुपारीच निघाले. समोरच्या औषधाच्या दुकानात अर्धा तास उगीच साबण बघत उभी राहिले आणि परत जिना चढले.

माझ्या खुर्चीत चिमणी. हातात माझा ब्रश. समोर मी सकाळी केलेला दात, त्याचा वरचा थर पार खरवडलेला.

"सापडलीस!" मी ओरडले. "माझ्या खुर्चीत बसायची एवढी घाई झाली होय?"

तिच्या हातातला ब्रश गळून पडला. साहेब आतून धावत आले. त्यांनाही मी सोडलं नाही, एकोणीस वर्षांचं सगळं उणंदुणं काढलं. त्यांनी कपाटातून एक डबी आणून माझ्यापुढे उपडी केली. अकरा दात होते.

"ही थांबायला लागली त्याआधीच्या तीन महिन्यांत परत आलेत, ताई. सगळे पिवळे."

"काहीतरीच!"

साहेबांनी त्यातला एक दात उचलला, शेजारी चिमणीने सुधारलेला दुसरा ठेवला. खिडकीत, भर उजेडात. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मला दोन्ही सारखेच दिसले.

"मला सांगायचं तरी!"

"कुठल्या तोंडाने सांगणार?" चिमणी रडवेली झाली. "रंग बघायला तुमच्याकडे बघूनच शिकले मी. तुम्ही गेलात की नीट करून ठेवते सगळे. एकही सोडत नाही. गेल्या आठवड्यात तो बिननावाचा सुळा होता ना, तोसुद्धा केला."

मी जवळचं स्टूल ओढून बसले. साहेब पाणी आणायला धावले.

लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, माझ्याच डोळ्यांचा. आणि खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो गप्प बसायचा. त्या सुळ्याचं या दोघांना काय ठाऊक? त्या लॅबला नाही कळवलं की संपलं. ही माझ्यामागे थांबत राहिली असती, मी मिरवत राहिले असते.

पण तिच्या बोटांना अजून माझा रंग लागलेला होता.

"तो सुळा दुसऱ्या लॅबच्या परीक्षेचा होता," मी म्हणाले. "त्यावर मला नोकरी लागलीये. म्हणजे तुला."

साहेबांचा ग्लास हातातच राहिला. "ताई, हे काय भलतंच?" म्हणत त्यांनी चिमणीकडे पाहिलं. डोळे बारीक करून, इतके दिवस मी पाहत होते तसंच.

चिमणी माझ्याकडे बघत होती. "मी गेले तर तुमचं काय होईल, ताई?"

"माझं मी बघेन. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईन, नाहीतर तुझ्या जागी पॉलिशला बसेन."

मग त्या लॅबचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"सांग त्यांना," मी म्हणाले, "सुळा तू केलास म्हणून."